भाईंची सोनोग्राफी



आज मी कविता वाचणार नाही. आज मला मूत्रपिंडाबद्दल बोलायचं आहे, आणि तेही धडधाकट मूत्रपिंडाबद्दल नाही. डॉक्टरांनी 'निकामी झालं' असं सांगितलं की आपण ज्याचा विषय कायमचा बंद करतो, त्या मूत्रपिंडाबद्दल. माझं शिक्षण बी.ए., विषय मराठी. तेव्हा मी सांगतो ते वैद्यकीय सल्ला म्हणून ऐकू नका. डायलिसिसच्या खोलीबाहेरच्या बाकावर वर्षानुवर्षं बसून माणसाला जेवढं कळतं, तेवढंच मला कळलं आहे. ते जरा उशिरा कळलं, म्हणून बोलावंसं वाटतं.

माझे थोरले भाऊ, आम्ही सगळे त्यांना भाई म्हणतो, मिरजेत तंबोरे करतात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा गावात बरीच चर्चा झाली. भाईंनी त्याआधीच चाळीस वर्षं या कामात काढली होती. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने वाळलेले कडू भोपळे येतात. भाई एकेक भोपळा मांडीवर घेतात, बोटाने टिचकी मारतात, कान जवळ नेतात आणि हा ठेवा, हा बाजूला करा, असं सांगत जातात. आत न पाहता आतलं ओळखायचं, हा त्यांचा धंदा. त्या भाईंच्या पोटात काय चाललं आहे, हे मात्र आम्हाला कुणालाच ओळखता आलं नाही.

रक्तदाब होता. गोळी होती. पण ती डोकं दुखलं तरच घ्यायची, असा भाईंचा स्वतःचा नियम होता. २०१४ साली पाय सुजले, अन्नावरची वासना उडाली, उलट्या सुरू झाल्या. तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी सांगितलं की दोन्ही मूत्रपिंडं आकसून गेली आहेत, आता डायलिसिस. आठवड्यातून दोनदा, चार-चार तास. डाव्या हातात फिस्टुला केला. फिस्टुला म्हणजे धमनी आणि शीर एकमेकींना जोडतात. तिथे बोट ठेवलं की आत सतत घरघर लागते. पहिल्या दिवशी भाईंनी स्वतःच्या मनगटाला कान लावला आणि भाभींना म्हणाले, "जवारी चांगली लागलीय." तंबोऱ्याच्या घोडीवर तार जी गुंजते ती जवारी. भाभी रडत होत्या, त्या तशाच हसल्या.

मग आमचं घर त्या वेळापत्रकाला लागलं. दिवसाला जेमतेम लिटरभर पाणी, तेही चहा-आमटी धरून. रमजानमध्ये आम्ही महिनाभर दिवसा तहानलेले, भाई बारा महिने. राज्य सरकारची जी जीवनदायी योजना २०१२ मध्ये सुरू झाली आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते, तिच्यात डायलिसिस बसतं. ती नसती तर आमच्यासारख्याचं घर केव्हाच विकलं गेलं असतं. भाई तगले. कामही करू लागले, बसून होईल तेवढं.

आणि इथूनच माझा आजचा विषय सुरू होतो. कारण हा आजार तगलेल्या माणसांचा आहे.

डायलिसिसची सोय नव्हती तेव्हा मूत्रपिंडं बंद पडलेला माणूस काही आठवड्यांत, महिन्यांत जात असे. त्या आकसलेल्या मूत्रपिंडाचं पुढे काय होतं, हे बघायला माणूसच उरत नसे. १९६० नंतर यंत्रावर माणसं वर्षानुवर्षं जगू लागली. १९७७ साली ऑक्सफर्डच्या डनिल, मिलार्ड आणि ऑलिव्हर या तिघांनी दीर्घकाळ डायलिसिसवर राहून वारलेल्या ३० रुग्णांची मूत्रपिंडं तपासली. त्यांतल्या १४ जणांच्या मूत्रपिंडांत पाण्याच्या लहान-लहान पिशव्या झाल्या होत्या. काहींत त्यांच्या जोडीला भरीव गाठीही होत्या. ज्याला सगळे संपलेलं समजत होते, त्या अवयवात काहीतरी वाढत होतं.

डॉक्टर याला सिस्ट म्हणतात. आपण 'पाण्याची गाठ' म्हणतो. आता शब्द हा माझा धंदा, म्हणून सांगतो, की 'गाठ' या शब्दाने आपल्याकडे फार घोटाळे केले आहेत. पदराला मारतो ती गाठ, वाटेत पडते ती गाठ आणि छातीत धस्स करते तीही गाठ. सिस्ट म्हणजे पातळ भिंतीची, पाण्याने भरलेली पिशवी. ती कॅन्सर नव्हे. मूत्रपिंडात लघवी गाळणारी सुमारे दहा लाख सूक्ष्म यंत्रं असतात. त्यांतली बहुतेक मेली की उरलेल्यांवर ताण येतो. त्यांच्या नळ्या फुगतात, आतल्या पेशी वाढतात, वाट तुंबते आणि पाणी साठतं. डायलिसिसच्या यंत्रामुळे सिस्ट होतात असं समजून कुणी डायलिसिस टाळू नये. पोटातून डायलिसिस करणाऱ्यांनाही त्या होतात आणि डायलिसिस सुरू व्हायच्या आधीही काही जणांत सापडतात. कारण आहे ते मूत्रपिंड बंद पडून गेलेली वर्षं. आठ-दहा वर्षं झाली की दहातल्या जवळजवळ नऊ जणांत त्या असतात. बहुतेकांना त्यांचा कधी त्रास होत नाही. काहींत एखादी फुटते, रक्तस्राव होतो. डायलिसिसच्या वेळी रक्त गोठू नये म्हणून हेपारिन देतात, त्याने तो वाढू शकतो. आणि थोड्या लोकांत, काही शेकड्यांत, कॅन्सर उपजतो. सर्वसाधारण माणसापेक्षा हा धोका कितीतरी पट जास्त असतो, पुरुषांत आणखी जास्त.

यातलं काहीही आम्हाला माहीत नव्हतं.

माहीत व्हायची संधी आली होती. २०१९ साली भाईंच्या पोटात दुखू लागलं म्हणून एका ठिकाणी सोनोग्राफी केली. पित्ताशयात खडे निघाले. रिपोर्टच्या शेवटी 'इम्प्रेशन' या मथळ्याखाली खड्यांचं नाव होतं, त्यावर औषध झालं आणि रिपोर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत गेला. वरच्या मजकुरात एक ओळ होती, की दोन्ही मूत्रपिंडं लहान असून त्यांत काही सिस्ट आहेत. ती ओळ आम्हाला कुणी वाचून दाखवली नाही. डायलिसिसच्या डॉक्टरांना आम्ही तो कागद दाखवला नाही, कारण दुखणं पित्ताचं होतं. दुसऱ्याला बोल लावणं सोपं आहे. पण कवितेचं प्रूफ आलं की एक अनुस्वार उडाला म्हणून रात्र जागवणारा मी, सख्ख्या भावाचा दोन पानी रिपोर्ट पुरता वाचला नाही.

दुसरी खूण तर आम्ही साजरीच केली. डायलिसिसच्या रुग्णाचं हिमोग्लोबिन कमी असतं, कारण रक्त तयार करायला सांगणारं संप्रेरक मूत्रपिंडातच बनतं. त्यासाठी इंजेक्शनं घ्यावी लागतात. २०२१ मध्ये भाईंचं हिमोग्लोबिन नऊवरून चढत चढत बारावर गेलं, इंजेक्शनं कमी केली तरी टिकलं. भाभींनी घरात खीर केली. पुढे कळलं की सिस्ट झालेल्या मूत्रपिंडातून हे संप्रेरक पुन्हा बनू लागतं, क्वचित गाठीतूनही बनतं. हिमोग्लोबिन वाढणं हे दरवेळी भिण्यासारखं नसतं. पण असं आपोआप वाढलं तर डॉक्टरांना 'का?' एवढं विचारायला हरकत नाही.

२०२२ च्या पावसाळ्यात एका सकाळी भाईंच्या डाव्या कुशीत जोराची कळ आली. लघवी त्यांना दिवसाकाठी कपभरच होई, ती लालभडक झाली. आम्ही सोनोग्राफीला गेलो. काउंटरवरच्या मुलीने सवयीने सांगितलं, "बाबा, चार ग्लास पाणी पिऊन बसा, लघवीला दाटून आली की सांगा." लिटरभर पाण्यावर दिवस काढणारे भाई माझ्याकडे बघू लागले. मी आत जाऊन डॉक्टरांना सांगितलं. त्या म्हणाल्या, मूत्रपिंड बघायला भरलेलं मूत्राशय लागत नाही, तसंच आणा त्यांना. श्रोतेहो, तुमच्या घरी डायलिसिसचा रुग्ण असेल तर काउंटरवर हे आधी सांगा. नाहीतर माणूस भीडेपोटी पाणी पितो आणि रात्री धाप लागते.

खोलीच्या दारावर नेहमीचा फलक होता, येथे गर्भलिंग निदान केले जात नाही. त्यासाठी १९९४ साली देशाला कायदा करावा लागला, महाराष्ट्राने तर १९८८ मध्येच केला होता. हे यंत्र आपल्याकडे बदनाम झालं ते आपल्या करणीने. मुळात त्याची सुरुवात फार चांगल्या कामातून झाली. ग्लासगोचे डॉ. इयन डोनाल्ड यांनी धातूतले तडे शोधणारं कारखान्याचं यंत्र माणसाच्या पोटावर लावून पाहिलं. त्यांच्याकडे एक बाई आली होती. तिला पोटाचा कॅन्सर आहे, आता शस्त्रक्रियाही होणार नाही, असं सांगितलेलं होतं. यंत्राने दाखवलं की आत पाणी आहे. ती अंडाशयाची सिस्ट निघाली, काढली आणि बाई बरी झाली. १९५८ साली ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. म्हणजे पाणी कुठलं आणि भरीव कुठलं, हे ओळखणं हीच या यंत्राची पहिली कमाई.

ते कसं ओळखतं, हे भाईंना मी घरी सांगितलं तेव्हा त्यांना ते माझ्यापेक्षा लवकर कळलं. आपल्याला सेकंदाला वीस हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. हे यंत्र सेकंदाला तीस-पस्तीस लाख कंपनांचा आवाज आत सोडतं आणि परत आलेला पडसाद टिपतं. पाण्यातून पडसाद येत नाही, म्हणून सिस्ट पडद्यावर काळीभोर दिसते, कडा रेखीव आणि पलीकडची बाजू उजळ. भिंत जाड असेल, आत पडदे असतील, भरीव भाग असेल, त्यात रक्त वाहताना दिसलं, तर शंका घ्यायची. "म्हणजे टिचकीच की," भाई म्हणाले. खरंच आहे ते. १७६१ साली ऑस्ट्रियाच्या औएनब्रुगर नावाच्या डॉक्टरांनी रुग्णाच्या छातीवर बोटं मारून आतलं ओळखायची रीत लिहून ठेवली. त्यांचे वडील खानावळवाले, पिंपात दारू किती उरली ते पिंप वाजवून बघायचे, असं सांगतात.

पण टिचकीला चुकवणारे भोपळेही असतात. बंद पडलेलं मूत्रपिंड आकसतं. दहा-अकरा सेंटिमीटरचं सहा-सातवर येतं. ते पडद्यावर इतकं पांढुरकं होतं की आजूबाजूच्या चरबीत हरवून जातं. सिस्टमध्ये रक्त साचलं तर ती भरीव गाठीसारखी दिसते. आमच्या डॉक्टर बाई अर्धा तास शोधत होत्या. भाईंना कुशीवर वळवत होत्या, "चाचा, श्वास धरा, सोडा" म्हणत होत्या. उजवीकडे सिस्टच सिस्ट. डावीकडे सिस्टच्या गर्दीत तीन सेंटिमीटरची एक जागा, काळी नाही आणि पांढरीही नाही. त्यांनी स्पष्ट सांगितलं, "हे मला सोनोग्राफीवर ठरवता येत नाही. सीटी करा." तो दिवस आठवला की मला अजून वाटतं, 'मला ठरवता येत नाही' असं म्हणणारा डॉक्टर मिळणं हे नशीब.

अशा वेळी एक गोष्ट लक्षात ठेवा. सीटी असो की एमआरआय, रंगद्रव्याचं इंजेक्शन देण्याआधी आपण डायलिसिसवर आहोत हे आपल्या तोंडाने सांगायचं. एमआरआयच्या काही जुन्या गॅडोलिनियम औषधांनी अशा रुग्णांची कातडी दगडासारखी घट्ट होते, हे २००६ च्या सुमाराला ध्यानात आलं, तेव्हापासून डॉक्टर औषध जपून निवडतात. सोनोग्राफीतही आता सूक्ष्म बुडबुड्यांचं इंजेक्शन देऊन रक्तपुरवठा पाहता येतो. ते बुडबुडे श्वासावाटे बाहेर जातात, मूत्रपिंडाशी त्यांचा संबंध येत नाही. पण ही सोय अजून सगळीकडे नाही.

सीटी व्हायच्या आधी घरात वेगळंच उभं राहिलं. पुतणीची सोयरीक ठरत होती. मंडळी चांगली, मुलगा शिकलेला. त्यांच्या एका नातेवाइकाच्या हाती भाईंच्या रिपोर्टचा मोबाइलवरचा फोटो पडला. 'दोन्ही मूत्रपिंडांत अनेक सिस्ट' हे शब्द त्याने शोधून पाहिले आणि निरोप आला, की हा खानदानी रोग आहे, मुलीत येतो, मुलांत येतो, तेव्हा थांबू या. पुतणीने दोन दिवस कुणाशी बोलणं टाकलं. मला म्हणाली, "चाचा, माझीही सोनोग्राफी करा. काय असेल ते एकदा कळू दे."

खानदानी रोग आहे, खोटं नाही. त्याला पॉलिसिस्टिक किडनी म्हणतात. त्याच्या नेहमीच्या प्रकारात आई किंवा वडील यांपैकी एकाला तो असला, तर प्रत्येक मुलात येण्याची शक्यता निम्मी असते. पण त्यात सिस्ट आधी होतात, मूत्रपिंडं वाढत वाढत नारळाएवढी होतात आणि मग बंद पडतात. भाईंचं उलट होतं. मूत्रपिंडं आधी बंद पडली, आकसली, आणि सिस्ट मागाहून आल्या. २०१४ च्या सोनोग्राफीत एकही सिस्ट नव्हती. हा मिळवलेला आजार, वारशाचा नव्हे. मी जुने कागद पिशवीतून काढले. ती २०१९ ची ओळ मला सापडली ती तेव्हा. डायलिसिसच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी मुलाकडच्यांना बोलावून घेतलं, २०१४ चा आणि २०२२ चा रिपोर्ट टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि मराठीत समजावलं. मुलाचे वडील म्हणाले, "आम्हाला 'सिस्ट' एवढंच दिसलं हो. साल कोण बघतं?" लग्न झालं. पण मुलीला दोन दिवस जे वाटलं ते वाटलंच.

सीटीत गाठ भरीव ठरली. डावं मूत्रपिंड काढलं. आत कॅन्सर होता, मूत्रपिंडाबाहेर गेलेला नव्हता. पुढे औषध लागलं नाही. असल्या मूत्रपिंडातले कॅन्सर बरेचदा लहान असतानाच सापडतात आणि सावकाश वाढणारे असतात, असं डॉक्टर म्हणाले. २०१९ मध्ये तो होता की नव्हता हे विचारण्यात अर्थ नाही. त्या वेळच्या सिस्टवर उपचारही नव्हता. वर्षाकाठी एकदा पाहत राहायला सुरुवात झाली असती, एवढंच. कळ आणि लाल लघवी यांची वाट पाहावी लागली नसती.

मग डायलिसिसवरच्या प्रत्येकाने दरवर्षी सोनोग्राफी करावी का? मलाही आधी वाटलं, सरळ तसं सांगून टाकावं. पण बाकावर शेजारी बसणाऱ्या एका आजोबांमुळे मी थबकलो. वय ब्याऐंशी, मधुमेह, हृदय अधू. त्यांची मुलं विचारत होती, यांचीही करू का? डॉक्टरांनी सांगितलं, त्रास नाही तर करू नका. सापडलं तरी शस्त्रक्रिया झेपणार नाही, उरलेले दिवस धास्तीत जातील. अमेरिकेतल्या मूत्रपिंडतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१२ साली हेच सांगितलं, की ज्यांचं आयुष्य थोडं उरलं आहे आणि लक्षणं नाहीत, अशा डायलिसिसच्या रुग्णांच्या मागे कॅन्सरच्या सरसकट तपासण्या लावू नका. उलट जपानकडे बघा. तिथे मृत दात्यांचं मूत्रपिंड फारसं मिळत नाही, माणसं वीस-वीस, तीस-तीस वर्षं डायलिसिसवर जगतात. कानाझावाच्या डॉ. इशिकावा यांनी तर हयातभर अशा रुग्णांच्या सिस्टचा पाठपुरावा केला. तिथे नियमाने पाहण्याकडे कल आहे. मला वाटतं, वय कमी असेल, तीन-पाच वर्षं डायलिसिस झालं असेल, पुढे बरीच वर्षं जगायची आशा असेल किंवा मूत्रपिंड बदलायच्या यादीत नाव असेल, तर डॉक्टरांना आपणहून विचारावं. मूत्रपिंड बदललं की जुन्या मूत्रपिंडातल्या सिस्ट बहुधा ओसरतात, पण कॅन्सरची शक्यता पुरती जात नाही. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतात. तेव्हा नवं आलं म्हणून जुन्याला विसरायचं नाही. पोटात ते तसंच असतं, सहसा काढत नाहीत. पुष्कळांना हेसुद्धा ठाऊक नसतं.

आता भाईंचं उजवं मूत्रपिंड दर सहा महिन्यांनी पाहतात. परवा मी सोबत होतो. त्याच डॉक्टर, तोच थंडगार जेल, भाईंचं तेच कण्हणं. पडद्यावर दोन फुल्या ठेवून त्यांनी मोजलं. मूत्रपिंड सहा पूर्णांक आठ सेंटिमीटर, सगळ्यांत मोठी सिस्ट एक पूर्णांक नऊ. मागच्या रिपोर्टशी ताडून पाहिलं. तेवढीच. मागचा रिपोर्ट मी बरोबर नेला होता, आता मी सगळे नेतो, सालवार लावून.

"आवाज कसा आहे?" भाईंनी विचारलं.

"स्वच्छ आहे, चाचा," डॉक्टर म्हणाल्या.

कारखान्यात एक काळी पाटी आहे. कुठला तंबोरा कुणाला कधी द्यायचा, ते भाई तिच्यावर खडूने लिहितात. घरी आल्यावर त्यांनी पोटावरचं उरलेलं जेल रुमालाने पुसलं, पाटीवर एका गवयाच्या नावाखाली सहा महिन्यांनंतरची तारीख घातली, पुढे 'उजवी' असं लिहिलं आणि भोपळा मांडीवर ओढला.